एक फडक्यात, एक उशाशी

नाना, तुम्ही हार्ट अटॅकनं गेलात, हे मी भेटेल त्याला ठणकावून सांगते आहे. तशी तुमची ताकीदच होती. "म्याडम, मी गेलो की लोक मान खाली घालून इचारतील, कशानं गेले? तवा तुमी मान वर करून सांगायचं, हार्टनं गेले. चारचौघासारखे गेले म्हनावं." आम्ही हसायचो, आणि तुम्ही मात्र मृत्युपत्र सांगावं तशा गंभीर चेहऱ्यानं आमच्याकडे बघायचात. एचआयव्ही अंगात घेऊन तुम्ही इतकी वर्षं जगलात की शेवटी एक साधा, सगळ्यांना होतो तसला आजार तुम्हाला गाठू शकला. तुमच्या लेखी हा विजय होता. तुमच्या मुलीचा, प्रज्ञाचा, सकाळी फोन आला तेव्हा रडायच्या आधी मी तिला विचारलं, "डॉक्टरांनी काय लिहिलं?" ती म्हणाली, "हार्टच, मॅडम." आणि आम्ही दोघी फोनवर आधी हसलो, मग रडलो.

तुमच्या पुण्यानुमोदनाला सोलापूरच्या बुधवार पेठेतला मांडव पुरला नाही. वंदना झाली, भाषणं झाली. तुमचा जन्म, शिक्षण, श्रीपूरकडची कारखान्याची नोकरी, वहिनींचं जाणं, प्रज्ञाला तुम्ही कसं शिकवलं, हे सगळं कुणी ना कुणी सांगितलं. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचं आहे, आणि ते बोलायला मला दोन वर्षं उशीर झाला आहे.

आधी चांगलं आठवते, कारण चांगलंच जास्त आहे.

मी एआरटी केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून नवीन होते. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचं रोजचं औषध, आणि केंद्र म्हणजे ते औषध घ्यायला महिन्याच्या महिन्याला येणाऱ्यांची रांग. दर दुसऱ्या शनिवारी या लोकांची बैठक असायची. पहिल्याच बैठकीत मी रंगीत तक्ता लावला आणि सुरू केलं. या आजारात शरीरातली सूक्ष्म खनिजं कमी पडतात, लोह कमी पडतं, जस्त कमी पडतं, सेलेनियम कमी पडतं. समोर सगळे बघत होते, पण ऐकत कुणीच नव्हतं. एका बाईनं विचारलं, "जस्त म्हंजी? पत्र्याला लावत्यात त्ये?" मला हसू आलं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून तुम्ही म्हणालात, "अगं झिंक की. उसाला टाकत्यात न्हवं का, त्येच." आणि सगळ्या खोलीनं एकदम "हां" केलं. दहा मिनिटं मी जे सांगत होते ते तुम्ही एका वाक्यात संपवलंत. मला तुमचा राग आला होता, हे आज कबूल करते.

बैठक संपल्यावर तुम्ही टेबलाशी आलात. कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा, होतो म्हणालात, आयुष्य उसाच्या फडात गेलं म्हणालात. मग माझा तक्ता बोटानं दाखवून म्हणालात, "म्याडम, ह्याला आमच्यात सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हनत्यात. शेतकऱ्याला पाठ हाय. लोह कमी पडलं की उसाची नवी पानं केवड्यावानी पांढरी पडत्यात. झिंक कमी पडलं की वाढच खुंटती. आनि गंमत बघा, चुनखडीच्या रानात लोह असतंय हो. भरपूर असतंय. पन पिकाला त्ये घेताच येत न्हाय."

मी पदवीला जे पुस्तकातून शिकले होते ते हेच होतं. विषाणूनं आतडं दुखावलेलं असतं, जुलाब थांबत नाहीत, आणि मग ताटात असलेलं अंगी लागत नाही. मला ते सांगायला अर्धा तास लागायचा. तुम्ही पुढच्या बैठकीत म्हणालात, "आपल्या पोटात चुनखड झालीया. नुसतं गिळून उपेग न्हाय, घेता आलं पायजे." त्या दिवसापासून आमच्या केंद्रात कुणी 'शोषण' हा शब्द वापरला नाही. चुनखड म्हटलं की पुरे.

तुम्ही माणसं पानांसारखी वाचायचात. रांगेतल्या माणसाचा हात हातात घ्यायचा, नखं उलटीपालटी बघायची, डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि मला हाक मारायची, "म्याडम, ह्यो केवडा पडलाय, रक्त तपासा." चव गेली म्हणणारा, तोंडातले फोड न भरणारा, केस मुठीनं गळणारी, अशी माणसं तुम्ही रांगेतून वेचून माझ्यासमोर आणायचात. डॉक्टर आधी वैतागले. मग तपासण्यांचे कागद येऊ लागले आणि ते तुम्हाला "काय म्हणतोय आज ऊस?" असं विचारू लागले. तुम्ही लगेच कॉलर ताठ करायचात. एवढा मान कारखान्यात कुणी दिला नव्हता, असं तुम्हीच सांगितलंत.

आपलं भांडण पहिल्या वर्षापासूनचं. मी गोळीवाली, तुम्ही मुरवणवाले. तुमचं म्हणणं, रानात झिंक नुसतं वरून फेकलं तर वाया जातं, ते शेणखतात मुरवून द्यावं लागतं. माणसाचंही तसंच. हुलगे, मटकी भिजवा, मोड आणा, वर लिंबू पिळा, म्हणजे अंगी लागेल. आणि जेवताना चहा बंद. सोलापुरात हे सांगायला वाघाचं काळीज लागतं, नाना. पहाटे कामाला निघणाऱ्या माणसाचा नाष्टा म्हणजे चहात बुडवलेली शिळी भाकरी. तुम्ही केंद्राचे कार्यकर्ते म्हणून दारोदार जाऊन म्हणालात, "चहा प्या की, पन भाकरीला त्याच्यात बुडवून मारू नका. चहा लोह धरून ठेवतो." एका म्हातारीनं तुम्हाला "माझा चहा काढनारा तू कोन रं?" म्हणून शिव्या घातल्या. पुढच्या महिन्यात तुम्ही तिच्यासाठी कारळ्याची चटणी घेऊन गेलात. चहा तिनं सोडला नाही, पण भाकरी चटणीशी खाऊ लागली. त्या दिवशी तुम्ही केंद्रात निवडणूक जिंकल्यासारखे आलात.

मी म्हणायचे, "नाना, मोड येईपर्यंत माणूस थांबेल का? गोळी घेतली की काम झालं." तुम्ही म्हणायचात, "म्याडम, काम गोळी करत न्हाय, पोट करतंय." हा वाद मिटला नाही. आता मिटणारही नाही, कारण मी तो हरले हे ऐकायला तुम्ही नाहीत.

मग त्या गोळ्या आल्या. एका संस्थेनं आमच्या केंद्राला लोह, जस्त, कॅल्शियम असं सगळं असलेल्या गोळ्यांची खोकी दिली. मला आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टरांनी ज्यांना खरोखर गरज होती त्यांची यादी केली, आणि घ्यायची कशी ते समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या लोकांची एकच खोड मला माहीत होती, विसरणं. दोन वेळा, दोन डब्या, दोन नियम म्हटले की एक तरी चुकणार. म्हणून मी बैठकीत सोपं सूत्र सांगितलं. एआरटीची गोळी आणि ही गोळी एका मुठीत घ्यायची, एका घोटात गिळायची. म्हणजे विसर पडणार नाही. "एका मुठीत" हे शब्द माझे होते, नाना. मी ते दोन-तीनदा म्हटले, मूठ करून दाखवली, लोकांनीही मुठी करून दाखवल्या. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि जेऊरपासून मैंदर्गीपर्यंत घरोघर जाऊन तेच सांगितलंत, एका मुठीत.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी सगळं लिहिते. वगळलं तर पुन्हा तीच लबाडी होईल.

मैंदर्गीची शांतव्वा आली होती. शेतावर रोजानं जाणारी, कानडी वळणाचं मराठी बोलणारी, एकदाही तारीख न चुकवणारी बाई. तिची व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती उरला आहे ते सांगणारी, तपासणी आधी सतत स्वच्छ यायची. या वेळी आकडा वर गेला होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवते आहे. तिनं डबी टेबलावर उपडी केली, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवल्या. बरोबर होत्या. "इल्ला री म्याडम, एक बी चुकवली न्हाय." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मग फेकून देत असाल. आमच्यापाशी खोटं बोलू नका." सगळ्या रांगेसमोर म्हणाले. त्या बाईनं पदरानं तोंड झाकलं. आता औषधच बदलावं लागेल, अशी चर्चा सुरू झाली.

तुम्ही तिला बाहेर बाकावर घेऊन बसलात. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही समजूत घालत असाल असं मला वाटलं, पण तुम्ही प्रश्न विचारत होतात. किती वाजता उठता, आधी काय करता, गोळी कधी घेता, पोटात काय असतं. ती म्हणाली, पहाटे गाडी असते, रिकाम्या पोटी दोन्ही गोळ्या एका मुठीत, मग रानात. तुम्ही आत आलात, दार लोटून घेतलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "म्याडम, झिंक आनि डीएपी एका पोत्यात मिसळत न्हाईत."

मी म्हणाले, "आता ऊस कुठून आला मध्येच?"

"दोनी खतं चांगली. पन एकत्र केली की एकमेकाला धरून बसत्यात आनि पिकाला एक बी मिळत न्हाय. शेतकऱ्याला हे पहिल्या दिवशी सांगत्यात. आपल्या दोन गोळ्यांचं तसं काय न्हाय न्हवं?"

मी हसले. मग खोक्यातला घडी घातलेला कागद काढला, केवळ तुम्हाला गप्प करायला. तो मी आधी कधी उलगडलाच नव्हता. बारीक अक्षरात लिहिलं होतं. अशी खनिजं आमच्या एआरटीच्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी एकत्र घेतली, तर ती औषधाला धरून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवावं. मी ते दोनदा वाचलं. मग उभ्यानंच तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बसा म्याडम. पानी प्या."

डॉक्टरांना मी त्याच दुपारी खरं सांगितलं, तेवढी लाज माझ्यात होती. त्यांनी ताबडतोब सगळ्या यादीची तपासणी लावली. शांतव्वाच्या फायलीतला "गोळ्या चुकवते" हा शेरा खोडला. तिच्याशिवाय आणखी काही जणांचे आकडे वाढलेले निघाले. लोकांना दुसऱ्या शनिवारी सांगायचं ठरलं, आणि मीच सांगायचं हेही ठरलं. मी वाक्यं पाठ करून आले होते.

मी उठायच्या आत तुम्ही उठलात. "ऐका समदी," तुम्ही म्हणालात, "दोनी गोळ्या एका मुठीत घ्या असं मी दारोदार सांगत फिरलो. त्ये चुकलं. चूक माझी हाय." आणि हात जोडलेत. खोलीत गलका झाला. कुणी म्हणालं, आमच्या जिवावर बेतलं असतं. कुणी म्हणालं, अर्धवट माणसाला कार्यकर्ता केला की हेच होणार. शांतव्वापुढे तुम्ही वाकून म्हणालात, "बाई, तुमची बदनामी झाली. माफी करा." मी खुर्चीवर बसून होते. माझी पाठ केलेली वाक्यं माझ्या पर्समध्येच राहिली.

नंतर मी तुमच्यावर ओरडले. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला, असंही म्हणाले. तुम्ही शांतपणे बिस्किटाचा पुडा फोडलात. "म्याडम, माझ्यावरचा इस्वास उडला तर दुसरा नाना मिळंल. केंद्रावरचा उडला तर ही मानसं औषध सोडतील. आदी आकडे खाली येऊ द्या. मग सांगा की तुमी, मी कुटं नको म्हनतोय?" मी म्हणाले, "नक्की सांगते." ते तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत, आणि त्यानंतर एकदाही आठवण करून दिली नाहीत.

तुमचा मला खरा अभिमान वाटतो तो त्याच्या पुढच्या महिन्यांसाठी. यादीतल्या प्रत्येक घरी तुम्ही स्वतः गेलात. फोनवर काम भागलं असतं, पण तुम्ही म्हणालात, चुकीचं दारात जाऊन सांगितलं, तर बरोबर पण दारातच जाऊन सांगायला हवं. आणि जाताना नवी युक्ती घेऊन गेलात. तुमच्या पिशवीत त्या छोट्या पिवळ्या डब्या होत्या, तंबाखूबरोबर चुना ठेवतात तसल्या, कोऱ्या. खनिजाची गोळी डबीत घालायची, डबी भाकरीच्या फडक्याच्या गाठीत बांधायची. दुपारी रानात फडकं सोडलं की डबी हातात येणार, म्हणजे गोळी जेवणाबरोबर पोटात जाणार. एआरटीची डबी घरी उशाशी, झोपायच्या वेळेची. "एक फडक्यात, एक उशाशी." माझं सूत्र मुठीत मावणारं होतं. तुमचं त्यांच्या दिवसात मावणारं होतं. म्हणून ते टिकलं. आजही आमच्या केंद्रात नवीन माणसाला हेच सांगतात, आणि सांगणाऱ्यांना ते कुणाचं आहे हे माहीतही नसतं.

सगळ्यांनी दार उघडलं असं नाही. जेऊरचं ते घर. तिथल्या बाईच्या नवऱ्याचाही लोड वाढला होता. त्या बाईनं तुम्हाला ओट्यावरूनच परत पाठवलं, "माझ्या कुंकवावर उठलास व्हय?" असं म्हणाली. गोळ्या कशा घ्यायच्या ते नवऱ्याला केंद्रात डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तुमचा तिला राग होता तो होताच. तुम्ही दर महिन्याला जात राहिलात. डबी बांधलेलं फडकं ओट्यावर ठेवायचं, कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबायचं आणि बघायचं. मग मला फोन, "म्याडम, दार उघडलं न्हाय. पन डबी आत गेली." एवढ्यावर तुम्ही खूश. मी इथे टेबलाशी बसून "वा नाना" म्हणायचे. ज्या दाराशी मी उभं राहायला हवं होतं, तिथे तुम्ही उभे होतात, आणि मी वा म्हणत होते.

आकडे खाली आले. एकेकाचे आले, सगळ्यांचे आले. शांतव्वाचा कागद आला त्या दिवशी त्यावर लिहिलं होतं की विषाणू सापडलाच नाही. तुम्ही तो कागद हातात घेऊन रांगेतून फिरलात, नाव झाकून, नुसता आकडा दाखवत. शांतव्वा हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्याचा डबा घेऊन आली होती. पहिला पेला तिनं तुम्हाला दिला, दुसरा मला. मला तो गिळेना. तुम्ही म्हणालात, "प्या म्याडम, मुरवलेलं हाय." मला कळलं तुम्हाला काय म्हणायचं होतं, आणि मी तरी गप्प राहिले.

नंतर सांगायला निमित्त शोधत गेले. या शनिवारी पाहुणे आहेत, पुढच्या शनिवारी गर्दी कमी आहे, आता जुनं उकरून काय उपयोग. कारणं काही कमी पडली नाहीत. शांतव्वाला कुठे आठवत असेल, सूत्र नेमकं कुणाच्या तोंडून ऐकलं ते, अशीही मी स्वतःची समजूत घातली. तुम्हाला काही टवाळ "एका मुठीचे नाना" म्हणू लागले होते. तुम्ही त्यावर हसायचात. माझ्यासमोर जरा जास्तच मोठ्यानं हसायचात, मला अवघडायला होऊ नये म्हणून. माझ्यासाठी कुणी इतकं केलं नाही, नाना. मला याबद्दल तुमचे आभार मानता आले नाहीत, कारण आभार मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं.

काल दुसरा शनिवार होता. तुमच्याविना पहिला. तुमच्या आठवणी सांगायच्या असं ठरलं होतं. कुणी नखांचं सांगितलं, कुणी कारळ्याच्या चटणीचं. त्या चहावाल्या म्हातारीनं, "मेल्यानं माझा चहा काडला न्हाय, पन बुडवायची भाकरी काडली" असं म्हणून डोळे पुसले. सगळे हसले, सगळे अभिमानानं बोलत होते. मग तुमच्या जागी नवीन आलेला कार्यकर्ता उभा राहिला. चांगला माणूस आहे, मनात काही नव्हतं त्याच्या. तो म्हणाला, "नानांच्या हातून एकदा मोठी चूक झाली, पण ती मान्य करायचं मोठेपण त्यांच्यात होतं."

नाना, मी उठले. पाठ केलेलं काही नव्हतं. म्हणाले, "ती चूक नानांची नव्हती. एका मुठीत हे मी सांगितलं होतं, याच खोलीत, मूठ करून. कागद न वाचता सांगितलं. चूक त्यांनी पकडली आणि मग स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी त्यांना घेऊ दिली. शांतव्वाला खोटारडी मी म्हटलं होतं. माफी मी मागायला हवी होती, ती आज मागते." मला वाटलं, आता लोक उठून जातील. तुमचं ते गणित खरं ठरेल.

कुणी उठलं नाही. शांतव्वा दुसऱ्या रांगेत होती. ती म्हणाली, "ठावं हाय की म्याडम."

"काय ठाऊक आहे?"

"मूठ तुमी करून दावल्याली. मी म्होरंच बसले हुते. मी काय भैरी हाय व्हय? नाना घरला माफी मागाय आले तवा म्हनले मी त्यास्नी, तुमी का वाकताय, ही तर म्याडमची चूक. तर म्हनले, म्याडम सांगतील आपनहून. चांगली बाई हाय, जरा येळ लागंल. तवर गप ऱ्हावा." मग कपाळाला हात लावून म्हणाली, "यव्वा, किती येळ हो? दोन वरीस गप बसले मी!"

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग ती म्हातारी हसली आणि खोलीच हसली. मी रडत होते आणि हसतही होते. शांतव्वानं पिशवीतून डबा काढला, माडगंच होतं. म्हणाली, "आता तरी गिळा म्याडम." गिळलं, नाना. शेवटचा थेंबही ठेवला नाही.

म्हणजे दोन वर्षं तुम्ही माझी वाट बघत होतात, आणि तुमच्याबरोबर तिलाही बघायला लावलंत. मला एका शब्दानं टोचलं नाहीत. पिकाला घेता येईल तेवढंच द्यावं, हे तुम्ही उसावर शिकलात आणि माझ्यावर वापरलंत. मला वाटायचं, केंद्रात तुम्हाला मी शिकवते आहे.

उद्या सकाळच्या गाडीनं मी जेऊरला जाणार आहे. प्रज्ञानं तुमची खांद्याला लावायची पिशवी दिली आहे. तिच्यात तीन पिवळ्या डब्या आणि एक धुतलेलं फडकं निघालं. तुमच्यासारखी गाठ मारायला जमत नाही, तीनदा सोडून पुन्हा बांधली. त्या ओट्यावर उभं राहून आधी माझं नाव सांगणार आहे, मग चूक कुणाची होती ते, मग तुम्ही कशानं गेलात ते. बाईनं ऐकलं नाही तर फडकं ठेवून कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबेन. डबी आत गेली, तर मान वर करून परत येईन. आणि नाही गेली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन.